तोलणाऱ्याला तोलताना

अर्जुनी-मोरगाव किंवा देवरी तालुक्यातील एखाद्या शेतकऱ्याचा बांधावरून सुरू झालेला दावा तालुक्याच्या न्यायालयातून गोंदियाला आणि गोंदियाहून नागपूरला पोहोचतो, तोवर मूळ बांध कोठे होता हे सांगू शकणारी पिढी मावळलेली असते. दुसऱ्या अपिलाची तारीख लागली की हा शेतकरी धानाची कामे टाकून, कागदपत्रांची पिशवी सांभाळीत पहाटेची गाडी पकडतो. न्यायमूर्ती कोण आहेत, ते शांतपणे ऐकून घेतात की अर्ध्या वाक्यात वकिलाला थांबवितात, तारखा सढळ हाताने देतात की नाही, हे सारे त्याला ठाऊक असते. न्यायालयाच्या आवारातील चहाच्या टपरीवर ही माहिती विनामूल्य मिळते. परंतु या न्यायमूर्तींची पारख कोण करतो, कोणत्या मापाने करतो, आणि त्या पारखीत ते उतरले नाहीत तर पुढे काय होते, असे त्याला विचारले तर तो आपल्या वकिलाकडे पाहील. आणि वकीलही बहुधा दुसरीकडे पाहील.

हा प्रश्न विदर्भापुढे २०२१ च्या जानेवारीत अत्यंत अप्रिय रीतीने उभा राहिला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातील अतिरिक्त न्यायमूर्ती पुष्पा गनेडीवाला यांनी १९ जानेवारी रोजी, बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या कायद्याखालील एका अपिलात असा निर्णय दिला की, त्वचेचा त्वचेशी स्पर्श झाला नसेल तर ते कृत्य त्या कायद्यातील लैंगिक हल्ल्याच्या व्याख्येत बसत नाही. दुसऱ्याच दिवशी, २० जानेवारीला, सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायवृंदाने त्यांना कायम न्यायमूर्ती करण्याची शिफारस केली. पुढे काही दिवसांतच त्या निकालाचा आणि त्याच सुमाराच्या आणखी एक-दोन निकालांचा तपशील वृत्तपत्रांतून देशभर पोहोचला. बालकांसाठीच केलेला कायदा बालकांच्याच विरुद्ध वाचला गेला, या भावनेने समाज अस्वस्थ झाला, आणि ती अस्वस्थता सर्वथा योग्य होती. देशाचे तत्कालीन महान्यायवादी वेणुगोपाल यांनी स्वतः हा विषय सर्वोच्च न्यायालयापुढे नेला. २७ जानेवारीला निकालाला स्थगिती मिळाली आणि १८ नोव्हेंबर २०२१ रोजी तो रद्दबातल झाला. लैंगिक हेतू हाच कसोटीचा मुद्दा आहे, त्वचेचा स्पर्श नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने निःसंदिग्धपणे सांगितले.

येथवर सारे न्यायसंस्थेच्या रीतीप्रमाणे घडले. खालच्या न्यायालयाने चूक केली, वरच्या न्यायालयाने ती सुधारली. अपिलाची पायरी त्यासाठीच तर असते. परंतु दुसऱ्या बाजूला जे घडले त्याची रीत कोणती, हे आजही कोणाला सांगता येणार नाही. कायम करण्याची शिफारस जानेवारी संपण्यापूर्वीच मागे घेतली गेली. फेब्रुवारीत त्यांना अतिरिक्त न्यायमूर्ती म्हणून मुदतवाढ मिळाली, तीही नेहमीच्या दोन वर्षांऐवजी एकाच वर्षाची. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायवृंदाने पुढील मुदतवाढही द्यावयाची नाही असे ठरविले. त्यानंतर पुन्हा जिल्हा न्यायाधीश म्हणून परत जाणे एवढाच मार्ग शिल्लक होता. मुदत संपण्याच्या तोंडावर, फेब्रुवारी २०२२ मध्ये, त्यांनी राजीनामा दिला. या सर्व प्रवासात, कोणत्या निकषावर त्या अपात्र ठरल्या हे सांगणारा सकारण ठराव जनतेसमोर आला नाही.

कोणी म्हणेल, कारण सर्वांना ठाऊक असताना ते लिहिण्याची आवश्यकता काय? आवश्यकता आहे. एका निकालातील चूक हे कारण होते, की अनेक निकालांत दिसणारी कायद्याची एकाच प्रकारची चुकीची समज हे कारण होते? या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. बालकांवरील अत्याचाराच्या खटल्यांत एखाद्या न्यायाधीशाची दृष्टी वारंवार कायद्याच्या हेतूलाच बगल देत असेल तर त्याला कायम न करणे हा दोष नव्हे, ते कर्तव्यच ठरते. या प्रकरणी तसे ठरविले गेले असेल, तर त्या निर्णयाचे समर्थन करता येईल. पण केवळ मथळ्यांचा गदारोळ झाला म्हणून शिफारस फिरविली गेली असेल, तर जिल्ह्याजिल्ह्यांतील न्यायाधीशांनी त्यातून एकच बोध घेतला असेल की, वर्तमानपत्रात नाव येईल असा निकाल देऊ नये. जामीन द्यावयास हवा असताना नाकारावा, निर्दोष सोडावयास हवे असताना शिक्षा द्यावी आणि उरलेले उच्च न्यायालयावर सोपवावे. अशा भयाने दिलेल्या निकालाची किंमत मोजतो तो तुरुंगात पडलेला मनुष्य. न्यायाधीशाची बढती मात्र सुरक्षित राहते.

न्यायाधीशाने मनात भय बाळगले की काय होते, हे विदर्भातील अनेक घरांनी प्रत्यक्ष भोगले आहे. आणीबाणीत मिसाखाली स्थानबद्ध झालेल्यांची घरे येथे गावोगावी आहेत. त्या काळ्या दिवसांतही स्थानबद्धांचा न्यायालयात येण्याचा अधिकार मान्य करणाऱ्या उच्च न्यायालयांमध्ये नागपूर खंडपीठ होते, ही विदर्भाने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने ते दार बंद केले. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना विरोधात उभे राहिले आणि पुढे त्यांचे सरन्यायाधीशपद डावलले गेले, हे सर्वज्ञात आहे. खन्नांचे नाव इतिहासात गेले. ज्यांची नावे फारशी घेतली जात नाहीत, अशा अतिरिक्त न्यायमूर्तींवर मात्र त्याच काळात गाज पडली होती.

मुंबई उच्च न्यायालयाचे अतिरिक्त न्यायमूर्ती उमेश रंगनाथ लळीत हे त्यांपैकी एक. आणीबाणीत अटक झालेल्या विद्यार्थ्यांना त्यांनी जामीन दिला. १९७६ मध्ये त्यांची मुदत संपली तेव्हा इंदिरा गांधींच्या शासनाने त्यांना कायम केले नाही. दिल्ली उच्च न्यायालयात पत्रकार कुलदीप नय्यर यांच्या स्थानबद्धतेविरुद्ध निर्णय देणाऱ्या दोन न्यायमूर्तींपैकी रंगराजन यांची बदली गुवाहाटीला झाली, तर अतिरिक्त न्यायमूर्ती अग्रवाल यांना पुन्हा सत्र न्यायाधीशाच्या खुर्चीवर पाठविण्यात आले. कोणालाही बडतर्फ केले गेले नाही, कोणावर महाभियोग चालला नाही. मुदत संपली, ती वाढविली नाही, एवढेच झाले. हे हत्यार आवाज न करता चालते, म्हणूनच ते अधिक घातक आहे.

लळीत पुढे दिल्लीत ज्येष्ठ विधिज्ञ म्हणून नामवंत झाले. आणि योगायोग असा की, २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये गनेडीवाला यांचा निकाल रद्द करणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या पीठाचे अध्यक्ष होते त्यांचेच पुत्र न्यायमूर्ती उदय लळीत, जे पुढे २०२२ मध्ये देशाचे सरन्यायाधीश झाले. एकाचा निर्णय न्याय्य होता, दुसऱ्याचा चुकीचा ठरला. पहिल्याला शासनाने रोखले, दुसऱ्याला न्यायवृंदाने. दोन्ही प्रकरणांची बरोबरी होऊच शकत नाही, आणि येथे ती करावयाचीही नाही. परंतु धैर्याला शिक्षा करणारी आणि चुकीला शिक्षा करणारी पद्धत एकच असावी, आणि बाहेरून पाहणाऱ्याला या दोहोंतील भेद कागदावर दिसू नये, हे न्यायसंस्थेला शोभणारे नाही.

मुळात ‘अतिरिक्त न्यायमूर्ती’ ही तरतूद पारख करण्यासाठी नव्हतीच. घटनेच्या २२४ व्या अनुच्छेदात ती आहे. कामाची तात्पुरती वाढ झाली किंवा प्रकरणे तुंबली तर जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी अधिक न्यायमूर्ती नेमता यावेत, इतकाच तिचा उद्देश होता. तुंबलेली प्रकरणे काही ओसरली नाहीत, आणि तात्पुरती सोय ही उमेदवारीची वर्षे होऊन बसली. आज जवळपास प्रत्येक जण आधी अतिरिक्त होतो, मग कायम होतो. १९८१ मध्ये दिल्लीतील तीन अतिरिक्त न्यायमूर्तींना तीन-तीन महिन्यांची मुदतवाढ देऊन टांगते ठेवले गेले होते. भाडेकरूलाही घरमालक याहून अधिक मुदत देतो! त्या वर्षीच्या डिसेंबरात लागलेल्या प्रसिद्ध निकालाने नेमणुकांच्या प्रश्नात शासनाचा शब्द अधिक वजनाचा ठरविला, आणि १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अधिकार स्वतःकडे घेतला. हात बदलले, परंतु झाकलेली मूठ झाकलेलीच राहिली.

२०१७ च्या ऑक्टोबरपासून न्यायवृंदाचे ठराव प्रसिद्ध होऊ लागले, आणि अतिरिक्त न्यायमूर्तींचे निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांच्या समितीने तपासावेत असेही त्याच महिन्यात ठरले, ही निश्चितच प्रगती होय. पण ही समिती कोणते निकाल निवडते, किती वाचते आणि कशाला चांगले म्हणते, हे ठरावाच्या चार ओळींतून कळत नाही. शिवाय ही परीक्षा एकदाच. ती पार पडली की वयाच्या ६२ व्या वर्षापर्यंत कोणी विचारणारे नाही. महाभियोग आहे म्हणावे, तर त्या मार्गाने आजवर एकाही न्यायाधीशाला पदच्युत करता आलेले नाही.

याउलट तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या न्यायाधीशाची परीक्षा कधी संपतच नाही. घटनेच्या २३५ व्या अनुच्छेदाने जिल्हा न्यायसंस्थेवरील नियंत्रण उच्च न्यायालयाकडे दिले आहे. वर्षाकाठी गोपनीय अहवाल लिहिला जातो, निकालपत्रांचे नमुने वर जातात, तक्रारींची चौकशी होते. निवृत्तीचे वय ५८ वरून ६० करताना सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये स्पष्ट केले की, ही दोन वर्षे हक्क म्हणून मिळणार नाहीत. ५८ पूर्ण होण्यापूर्वी उच्च न्यायालयाने त्या अधिकाऱ्याचा सेवाकाळ, गोपनीय नोंदी, निकालांचा दर्जा आणि सचोटी पाहावी, आणि ज्याची उपयुक्तता उरली आहे त्यालाच पुढे ठेवावे. न्यायाधीशाच्या फेरनेमणुकीसारखे आपल्याकडे काही असेल तर ते हेच. तत्त्व उत्तम आहे. अप्रामाणिक अधिकाऱ्याला दूर करण्याचा याहून सोपा मार्ग नाही, आणि तो अनेकदा वापरलाही गेला आहे.

अडचण आहे ती मोजमापाची. सचोटी मोजण्याचे यंत्र नाही आणि निकालाचा दर्जा मोजावयास वेळ लागतो. मोजावयास सोपी असते ती संख्या. अमुक प्रकारचा दावा निकाली काढला की इतके गुण, तमुक अर्ज निकाली काढला की तितके. साहजिकच ज्याचे गुण लवकर मिळतात ते प्रकरण आधी हातात घेतले जाते आणि वाटणीचा जुना, दहा वारसांचा, साक्षीपुराव्याने फुगलेला दावा मागे राहतो, ही तक्रार कोणत्याही वकील कक्षात ऐकावी. बांधासाठी नागपूरची गाडी पकडणाऱ्या शेतकऱ्याच्या आयुष्याची वर्षे अशा हिशेबात हरवतात.

संख्येवर भिस्त ठेवली की किती अनर्थ होतो, याचे उदाहरण गोंदियाला खेटून असलेल्या मध्य प्रदेशाने दाखविले. २०२३ मध्ये तेथील सहा महिला दिवाणी न्यायाधीशांची सेवा परिवीक्षाकाळात समाप्त करण्यात आली. निकाली काढलेल्या प्रकरणांची अपुरी संख्या हा त्यांच्याविरुद्धचा प्रमुख आक्षेप होता. त्यांपैकी एक अधिकारी त्या काळात करोनाने आजारी झाली होती, गर्भपाताच्या यातनेतून गेली होती. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतल्यावर चौघींना २०२४ मध्ये परत घेण्यात आले. उरलेल्या दोघींची बडतर्फी २८ फेब्रुवारी २०२५ रोजी न्यायमूर्ती नागरत्ना यांच्या पीठाने रद्द केली आणि त्यांना ज्येष्ठतेसह सेवेत घेण्याचा आदेश दिला. स्त्रियांनी मोठ्या संख्येने न्यायसेवेत यावे अशी अपेक्षा बाळगणाऱ्या समाजाने मातृत्वाच्या दुःखाकडे कामचुकारपणा म्हणून पाहावे, हे आपल्या कोणत्या संस्कारात बसते? पण येथेही मूळ दोष तोच. त्या स्त्रियांची बाजू ऐकून, कारणे तोलून निर्णय झाला असता तर प्रकरण दिल्लीपर्यंत गेलेच नसते.

त्यापूर्वी २०१९ मध्ये बिहारच्या एका न्यायाधीशाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की, केवळ आदेश चुकीचा आहे एवढ्यावरून न्यायाधीशाविरुद्ध शिस्तभंगाची कारवाई करू नये. त्यामागे गैरहेतू दिसला पाहिजे. हे वाक्य प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या भिंतीवर लावण्याजोगे आहे. तसे पाहिले तर उच्च न्यायालयाच्या भिंतीवर ते अधिक शोभेल, कारण अहवाल लिहिणारे तेथे बसतात.

बाहेरच्या देशांत या कोड्याची उत्तरे निरनिराळी शोधली गेली आहेत. न्यूयॉर्क शहरात फौजदारी आणि कुटुंब न्यायालयांचे न्यायाधीश तेथील महापौर दहा वर्षांसाठी नेमतो. मुदत संपताना त्यांनी पुन्हा यावे की नाही, याची छाननी एक सल्लागार समिती करते. शहराची वकील संघटना स्वतंत्रपणे आपले मत देते. ज्या वकिलांनी त्या न्यायाधीशापुढे काम चालविले त्यांना विचारले जाते. अखेरचा अधिकार महापौराचा. आपल्या नगराध्यक्षांनी दंडाधिकाऱ्यांची नेमणूक करावी, अशी कल्पना नुसती मनात आणली तरी अंगावर काटा येतो. तेव्हा ती पद्धत जशीच्या तशी उचलण्याचा प्रश्न नाही. पण न्यायाधीशापुढे उभे राहणाऱ्यांना विचारावे, ही त्यातील गोष्ट मात्र विचार करण्याजोगी आहे. जपानमध्येही खालच्या न्यायालयांतील न्यायाधीशांची दर दहा वर्षांनी फेरनेमणूक होते. १९७१ मध्ये मियामोतो नावाच्या एका साहाय्यक न्यायाधीशाची फेरनेमणूक नाकारली गेली आणि कारण सांगण्यास सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. तरुण विधिज्ञांच्या एका संघटनेचे सदस्यत्व हेच कारण होते, असे लोक म्हणत राहिले. तो डाग पुसण्यास तीन दशके लागली. २००३ मध्ये तेथे बाहेरच्या सदस्यांसह सल्लागार समिती नेमली गेली.

भारतात २०१४ मध्ये संसदेने राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोगाचा कायदा जवळजवळ एकमताने संमत केला होता. १६ ऑक्टोबर २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. एकमेव विरोधी मत न्यायमूर्ती चेलमेश्वर यांचे होते. संसदेची एकमुखी इच्छा अशी झुगारली गेली, याची खंत राष्ट्रीय विचारांच्या वर्तुळात आहे, आणि ती रास्तही आहे. तथापि १९७६ चे स्मरण ठेवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. शासन आज ज्यांच्या हाती आहे त्यांच्याच हाती उद्या असेल, अशी हमी लोकशाही देत नाही. न्यायाधीशाला कायम करण्याची दोरी शासनाच्या हाती असावी असे आज म्हणताना, ती दोरी आणीबाणी लादणाऱ्यांच्या हातात गेल्याचे चित्र प्रत्येकाने डोळ्यांसमोर आणून पाहावे. म्हणून पारख करणारे कोण, याहूनही पारख कशी होते हा प्रश्न मोठा आहे.

कशी व्हावी, हे सांगणे तितकेसे अवघड नाही. निकष आधी लिहिलेले असावेत आणि न्यायाधीशाला पहिल्या दिवशीच ठाऊक असावेत. तपासावयाचे निकाल चिठ्ठ्या टाकून काढावेत. कोणी आवडते किंवा नावडते निवडून धाडू नयेत. नागपूर खंडपीठाच्या न्यायमूर्तींविषयी केवळ नागपूरच्या ज्येष्ठ वकिलांचे मत न घेता गोंदिया, भंडारा, गडचिरोलीच्या वकील संघांकडूनही गुप्त लेखी मते मागवावीत, कारण दूरच्या अशिलाचा खर्च आणि हेलपाटे त्यांनाच कळतात. यातही धोका आहेच. कडक न्यायाधीश वकिलांना आवडत नाही आणि तारखा देणारा आवडतो, हे सांगावयास कोणी विद्वान नको. म्हणून ही मते एक पुरावा म्हणून वाचावीत, मतदान म्हणून मोजू नयेत. प्रतिकूल निर्णय घेण्यापूर्वी त्या न्यायाधीशाला कारणे कळवावीत आणि उत्तराची संधी द्यावी. चोरीच्या आरोपीलाही जे मिळते ते न्यायाधीशाला नाकारण्याचे प्रयोजन काय? आणि अखेरचा निर्णय, व्यक्तीची अप्रतिष्ठा न करता पण कारणांसह, प्रसिद्ध व्हावा. कारणे प्रसिद्ध केल्याने न्यायाधीशाची बदनामी होते, असा युक्तिवाद यावर नेहमी केला जातो. कारण न सांगता घरी पाठविलेल्या न्यायाधीशाची बदनामी होत नाही असे मानणाऱ्यांनी न्यायालयाच्या आवारातील चहाच्या टपरीवर अर्धा तास बसून पाहावे.

गनेडीवाला प्रकरणाचा आणखी एक अध्याय २०२५ मध्ये लिहिला गेला. त्या निवृत्त झाल्या नसून त्यांनी राजीनामा दिला आहे, या सबबीवर उच्च न्यायालयाच्या प्रशासनाने २०२२ मध्ये त्यांना न्यायमूर्तीचे निवृत्तिवेतन नाकारले होते. त्याविरुद्धच्या त्यांच्या याचिकेवर १७ जुलै २०२५ रोजी मुख्य न्यायमूर्ती आलोक आराधे आणि न्यायमूर्ती संदीप मारणे यांच्या पीठाने निकाल दिला. राजीनामा देणारा न्यायमूर्तीही निवृत्तिवेतनास पात्र असतो, असे ठरवून १४ फेब्रुवारी २०२२ पासूनची रक्कम सहा टक्के व्याजासह देण्याचा आदेश त्यांनी दिला. निवृत्तिवेतन का मिळावे, याची सविस्तर चर्चा त्या निकालपत्रात कोणालाही वाचता येते. त्यांना कायम का करण्यात आले नाही, हे सांगणारा कागद मात्र वाचकांपर्यंत आलेला नाही.